टुलिप नको, मोगरा घेऊ

आम्स्टेलव्हेन, नेदरलँड्स,
१८ एप्रिल

चि. छोटीस अनेक आशीर्वाद,

परवा तुझा फोन आला तेव्हापासून डोक्यात फुलंच आहेत. लग्नाच्या स्टेजवर टुलिप हवेत म्हणालीस. वर, "ताई, तू तर त्यांच्या माहेरीच राहतेस!" मग मी पहाटे उठून आल्समीरला फुलांचा लिलाव बघायला गेले.

वरच्या गॅलरीतून खाली पाहिलं, तर फुलांच्या गाड्या एकमेकींना जोडून आगगाडीसारख्या चाललेल्या. इथे भाव चढत नाही, उतरतो. घड्याळावरचा आकडा वरून खाली येत जातो आणि जो पहिल्यांदा बटण दाबेल, त्याचा माल. केनिया-इथिओपियाचे गुलाबसुद्धा इथे येऊन विकले जातात. एवढी फुलं डोळ्यांसमोर होती, पण मला वास कसलाच आला नाही. आजीच्या देवघरात परडीभर फुलांनी घर भरायचं, ते आठवलं.

छोटे, टुलिप हे थंडीचं फूल आहे. कंदाला काही आठवडे गारठा मिळाल्याशिवाय ते धड फुलतच नाही. तोडल्यावरही दांडा पाण्यात वाढत राहतो, उजेडाकडे वाकतो. माझ्या टेबलावरचे टुलिप खोली जराशी तापली की पाकळ्या पार फाकून बसतात. पुण्याच्या वैशाखात, हॉलच्या दिव्यांखाली त्यांचे हाल बघवणार नाहीत मला.

आणि तुझा मुहूर्त गोरज आहे! मोगऱ्याला याहून चांगली वेळ नाही. पहाटे तोडलेली कळी दिवसभर मिटून राहते आणि संध्याकाळी उमलते. म्हणजे सकाळी बांधलेला गजरा मंगलाष्टकांच्या सुमारास तुझ्या केसांत फुलेल. दुपारचा मुहूर्त असता तर मी मोगऱ्याचा एवढा हट्ट धरला नसता.

हार गुलछडीचे करू. पाकळी जाड असते, हाताळली तरी लगेच मलूल होत नाही. मध्ये तळेगावकडचे थोडे गुलाब. ते आदल्या संध्याकाळी आणून बादलीत उभे ठेवायचे. आईला अबोलीची वेणी. अबोलीला वास नाही, पण ती टिकते, आणि आईच्या केसांत तिच्याइतकं काही शोभत नाही. स्टेजला झेंडू, शेवंती आणि आंब्याचे टहाळे पुरेत. डेकोरेटरला एवढं मात्र ठासून सांग, की प्लास्टिकची एकही माळ चालणार नाही. आपल्याकडे फुलं पिकवणारी माणसं असताना लग्नात खोटी फुलं लावायची, हे मला सहन होत नाही.

मी आठवडाभर आधी येतेय. लग्नाच्या दिवशी पहाटे बाबांबरोबर मार्केट यार्डात मीच जाईन. कळ्या टपोऱ्या आणि घट्ट मिटलेल्या बघून घेईन, ओल्या फडक्यात गुंडाळून आणेन. आईला म्हणावं, केळीचं सोपट, म्हणजे खोडाची सुकलेली साल, आणून ठेव आणि आदल्या रात्री भिजत घाल. आजीसारखा गजरा दोऱ्याऐवजी सोपटाने बांधायचाय मला. गाठ अजून हातात आहे का, ते इथे सुतळीवर करून बघतेय.

तुझ्या शालूच्या काठाचा रंग कळव, म्हणजे गुलाब लाल घ्यायचे की गुलाबी ते ठरवू.

तुझी,
ताई