मगर घुसखोर कशी?

महोदय,

ऑगस्ट २०२४च्या पुरात विश्वामित्री नदीतल्या मगरी वडोदऱ्याच्या सोसायट्यांत शिरल्या, तेव्हा मोबाइलवर विनोदांचाही पूर आला. बहुतेक एकाच छापाचे: मगर म्हणजे घुसखोर. खरे तर नदी तिची. भराव टाकून घरे आपण बांधली. हाच विनोद कोणी उलटा काढावा. दारात सातबारा घेऊन उभी असलेली मगर आणि आत पलंगाखाली दडलेले घरमालक!

व्यंगचित्रांनी काय होते, असे विचारणारे भेटतातच. अमेरिकेत बदकांच्या शिकारीसाठी सक्तीचे केलेले, टपाल तिकिटासारखे पहिले तिकीट १९३४ साली जे. एन. डार्लिंग या व्यंगचित्रकारानेच चितारले. त्या तिकिटांच्या पैशातून तिथे आजही पाणथळ जागा राखल्या जातात. तेही शिकाऱ्यांच्याच खिशातून, हे विशेष!

आपल्याकडे नदीकाठच्या फलकावर नुसते ‘सावधान’ लिहून भागवतात. मादी काठावर खड्डा करून अंडी घालते, पावसाळ्याच्या तोंडाला पिल्ले निघतात आणि तेव्हा ती कोणाला जवळ फिरकू देत नाही, एवढे तरी चित्रातून कळावे. फाइन आर्ट्सचे विद्यार्थी शहरात आहेतच; गुजरातीच्या जोडीला मराठी मथळे लिहायला दांडिया बाजारच्या मराठी वस्तीत माणसे मिळतील. फक्त मगरीला डोळे मिचकावणारी बाहुली करू नये, ती चावते. टर उडवायचीच तर पुलावरून नदीत कचऱ्याच्या पिशव्या भिरकावणाऱ्यांची उडवावी.

— एक वाचक, वडोदरा