जे आलेच नाहीत, त्यांचीही नोंद ठेवा

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

सामुदायिक आरोग्य केंद्रांचे काम ओपीडीत किती रुग्ण आले यावरून मोजले जाते. माझी कळकळीची विनंती आहे, जे आलेच नाहीत त्यांचाही हिशेब आपण मागावा.

हातावर पोट असलेला माणूस दुखणे अंगावर काढतो. दूरच्या रुग्णालयात जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. रक्तदाबाची गोळी संपली की ती संपलेलीच राहते, आणि एक दिवस त्याला अर्धांगवायूच्या अवस्थेत उचलून आणावे लागते. जवळच्या केंद्रातली परिचारिका ‘हे या महिन्यात का आले नाहीत?’ म्हणून त्याच्या दारात गेली असती, तर ही वेळ टळू शकली असती.

ज्युलियन ट्यूडर हार्ट हे ब्रिटनच्या वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात डॉक्टर होते. गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच चांगली सेवा सर्वांत कमी, हे त्यांनी १९७१ मध्ये लिहून ठेवले. पण नुसते लिहून ते थांबले नाहीत. दवाखान्याकडे न फिरकणाऱ्यांनाही शोधून त्यांनी गावातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब तपासला. तशाच एका शेजारच्या गावापेक्षा इथे अकाली मृत्यू कमी आहेत, हे पुढे २५ वर्षांच्या नोंदींतून दिसले.

अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या माउंड बायूचे केंद्र तर मला फार जवळचे वाटते. १९६०च्या दशकात तिथल्या अत्यंत गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली मुले कुपोषित होती. डॉ. जॅक गायगर आणि त्यांचे सहकारी औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून देत आणि त्याचे पैसे केंद्राच्या औषधखर्चातून भागवत. वरून हरकत आली, तेव्हा कुपोषणावरचे औषध अन्नच आहे, असे गायगर यांनी ठामपणे सांगितले. केंद्राने विहिरी खोदल्या, शौचालये बांधली, लोकांनी सहकारी शेती उभी केली. मुलाचा जुलाब थांबवून त्याला पुन्हा त्याच दूषित पाण्याकडे पाठवणे, याला उपचार कसे म्हणायचे?

अमेरिकेत आज अशा सरकारी अनुदानावरच्या केंद्रांच्या संचालक मंडळात निम्म्याहून अधिक सदस्य त्या केंद्राचे रुग्णच असावे लागतात. केंद्र कोणत्या वेळी उघडे असावे, हे मजुरीवर जाणाऱ्या बाईइतके कोणाला कळणार? ती निर्णयात हवी, नुसती रांगेत नको.

पुढच्या आढावा बैठकीत आपण प्रत्येक केंद्राला एकच विचारावे: तुमच्या हद्दीतल्या किती रुग्णांचे उपचार मध्येच तुटले, आणि त्यांच्या घरी कोण गेले होते?

आपला नम्र,
एक नागरिक