रविवारी मेणवली : वाड्याच्या खिडक्या

सदस्यहो, येत्या रविवारी आपण वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यातल्या खिडक्या टिपायला जातोय. सकाळी ६ वाजता सातारा बसस्थानकाच्या दारात जमायचं. उशीर नको, कोवळं ऊन फार वेळ थांबत नाही.

• फ्लॅश अजिबात नको, भिंतींवर जुनी चित्रं आहेत.
• आत अंधार, बाहेर लख्ख. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) खिडकीच्या उजेडावर घ्या, चौकट काळी उठून दिसेल. भिंतही दिसायला हवी असेल तर एक्स्पोजर वाढवून दुसरा फोटो काढा. जमिनीवर पडलेला कवडसा मला तर खिडकीहून जास्त आवडतो. तो चुकवू नका.
• गावातल्या राहत्या घरांच्या खिडक्या विचारूनच टिपा.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं.