इम्प्लांटच्या बिलात अबटमेंटही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दातांच्या इम्प्लांटवरचा आपला लेख वाचला. इम्प्लांट कुठल्या कंपनीचा, किती टिकतो, हे सगळं त्यात होतं. मधल्या तुकड्याचं, म्हणजे हाडात बसवलेला स्क्रू (इम्प्लांट) आणि वरचा कृत्रिम दात (कॅप) जोडणाऱ्या अबटमेंटचं, मात्र नाव नाही, आणि माझं दुखणं तिथलंच.

मी ३८ वर्षं टॉवेलच्या लूमवर जॉबर, म्हणजे माग जुळवणारा-दुरुस्त करणारा, होतो. खालची उजवी दाढ गेली, तिथे इम्प्लांट बसवला. वर्षभर कडक भाकरीसुद्धा मोडली. मग शेंगाचटणीचे कण कॅपखाली अडकायला लागले, ब्रश फिरवला की रक्त. डॉक्टर म्हणाले, "काका, स्वच्छता ठेवा." तीन वेळा घासत होतो, आणखी काय ठेवणार?

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी कॅप काढून हातातच दिली. कडेला पिवळट सिमेंट खवल्यासारखं चिकटलेलं. अबटमेंट तयार मापाचं, माझ्या हिरडीला आखूड. त्यामुळे कॅपची कड खोल गेली आणि जास्तीचं सिमेंट आतच राहिलं. वर कॅप छत्रीसारखी पसरलेली, ब्रश जाणार कुठून?

बाईंनी सांगितलं ते जॉबरला लगेच पटलं. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे धागे आडवे शिरून विणलेले असतात. अबटमेंटमध्ये ते शिरत नाहीत, नुसते भोवती गुंडाळून बसतात. म्हणून तिथला गळा बारीक आणि गुळगुळीत हवा. इम्प्लांटच्या तोंडापेक्षा अबटमेंट अरुंद असलं तर हाड कमी झिजतं, हे तर योगायोगानं कळलं. १९९० च्या दशकात रुंद इम्प्लांट आले, त्या मापाची अबटमेंट मिळेनात, म्हणून डॉक्टरांनी अरुंदच लावली. (असं आम्ही लूमवर रोज करायचो, पण त्याला कुणी शोध म्हटलं नाही.)

आता नवी कॅप निमुळत्या गळ्याची, सिमेंटशिवाय स्क्रूनं आवळलेली आहे. रक्त थांबलं. झिजलेलं हाड काही भरून आलं नाही.

सोलापुरातल्या दंतवैद्यांना एवढीच विनंती: अबटमेंट टायटॅनियमचं की झिर्कोनियाचं, तयार की मापानं बनवलेलं, कॅप सिमेंटवर की स्क्रूवर, हे बिलावर लिहून द्या. सिमेंट लावलंच तर एक्स-रेत दिसणारं लावा आणि पेशंट खुर्चीतून उठायच्या आत एक्स-रे काढा. टॉवेलच्या गठ्ठ्यालासुद्धा आम्ही माप-वजनाची चिठ्ठी लावतो. माझ्या पहिल्या बिलावर लिहिलंय, 'दाढ – १ नग'.

आपला,
एक निवृत्त जॉबर, साखर पेठ, सोलापूर