तू दिलेला गृहपाठ

प्रिय विद्यार्थ्या,

नाव मुद्दाम लिहीत नाही. वर्गात सगळ्यांसमोर कौतुक केलं की तू मान खाली घालून बसायचास, आणि आता फोनवर आभार मानायला लागले तर "त्यात काय एवढं, बाई," म्हणून विषयच बदललास. म्हणून हे उघड पत्र. हाच प्रश्न घेऊन बसलेल्या आणखी कुणाला त्याचा उपयोग झाला तर बरंच.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे सुरक्षेचे नियमित अपडेट बंद झाले आणि माझ्या लॅपटॉपने विंडोज ११ घ्यायला साफ नकार दिला. त्याला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय म्हणे त्यात नाही. बाकी गडी बरा होता. बिजागरी सैल, बॅटरी तासाभरात मान टाकणारी, म्हणजे साधारण माझ्यासारखीच तब्येत. मी चार जणांना विचारलं, टॅब्लेट घेऊ की लॅपटॉप? चौघांनी तत्काळ उत्तर दिलं आणि प्रत्येकाने आपल्याकडे जे आहे तेच सुचवलं. तू एकट्याने उलट विचारलंस, "बाई, दिवसभरात त्यावर तुम्ही नेमकं करता काय?"

मेल बघते, वाचते, बिलं भरते, लेकीशी बोलते, असं मी सांगितलं. तू हसलास. "हे आठवणीतलं झालं. लिहून काढा."

मग तुझा स्वतःचा ११ इंची टॅब्लेट, कीबोर्डचं कव्हर आणि पेन दोन आठवड्यांसाठी माझ्या टेबलावर ठेवून गेलास. लॅपटॉप कपाटात. वहीत मधोमध रेघ, डावीकडे काम, उजवीकडे ते कुठे अडलं. जन्मभर गृहपाठ दिला, घेतला तो हा पहिलाच.

पहिला आठवडाभर उजवी बाजू कोरीच राहिली. अजून मी थोडंफार मुद्रितशोधन करते. लॅपटॉपच्या आडव्या पडद्यावर अर्धंच पान दिसायचं, टॅब्लेट उभा धरला की अख्खं पान समोर. याचं कारण तू सांगितलंस तेव्हा कळलं: तुझ्या टॅब्लेटचा पडदा ४:३, म्हणजे उंची रुंदीच्या १.३३ पट, आणि ए४ कागदाची १.४१ पट. १६:१० चा पडदा सिनेमाला छान, पण उभा धरला की पानाला लांबुडका. समासात पेनने खुणा करताना लाल शाईच्या दिवसांची आठवण आली. सकाळी चार्ज केलेला टॅब्लेट रात्रीपर्यंत चालायचा, याचं तर मला फार अप्रूप.

लेकीशी बोलताना मात्र ती म्हणाली, "आई, तू माझ्याकडे बघतच नाहीयेस." तुझ्या टॅब्लेटचा कॅमेरा आखूड कडेला आहे, त्यामुळे तो आडवा ठेवला की नजर बाजूला गेल्यासारखी दिसते. ॲपलने २०२२ मध्ये दहाव्या पिढीच्या आयपॅडमध्ये कॅमेरा लांब कडेला नेला. एवढी साधी गोष्ट सुचायला पहिल्या आयपॅडपासून, म्हणजे २०१० पासून, बारा वर्षं लागावीत!

नवव्या दिवशी खरी फजिती झाली. एक लांबलचक ऑनलाइन अर्ज भरत होते. शेवटच्या रकान्यात एक क्रमांक हवा होता, तो मेलमध्ये. मेल उघडला, खालचं जोडपत्र उघडलं, त्यातला फोटो मोठा करून आकडे कागदावर उतरवले आणि परत आले, तर अर्ज कोरा! पाऊण तासाचं काम गेलं. रागाने वहीत काय लिहिलं ते तू वाचलंच आहेस. तू शांतपणे समजावलंस की टॅब्लेटवर मागे गेलेलं ॲप झोपी जातं, आणि मेमरी कमी पडली की त्याला पार बाहेरही काढलं जातं. परत आलं की पान नव्याने उघडतं. लॅपटॉप सहसा असं करत नाही. मग पडदा दुभागून अर्ज आणि मेल शेजारी-शेजारी ठेवायला शिकवलंस, लागणारे कागद आधीच एका फोल्डरमध्ये काढून ठेवायला सांगितलंस. तेव्हापासून अर्ज निभावतात. मजेत भरते असं नाही म्हणणार.

पण वाचनालयाचा महिन्याचा हिशेब निभावला नाही. ती एक्सेलची फाइल कुणीतरी फार पूर्वी बनवून दिलेली, एक बटण दाबलं की सगळी बेरीज-वजाबाकी मांडून देते. टॅब्लेटवर आकडे दिसले, बटण दिसलं, दाबलं तर ढिम्म. त्या बटणामागे व्हीबीएचा मॅक्रो, म्हणजे एक्सेलला कामं ओळीने सांगणारी छोटी आज्ञावली असते, आणि टॅब्लेटवरच्या एक्सेलमध्ये असे मॅक्रो चालतच नाहीत. शिवाय पडदा १०.१ इंचांहून मोठा असेल तर फाइलीत बदल करायला मायक्रोसॉफ्टची वर्गणी लागते, हेही तेव्हाच कळलं. माझे जुने लेख युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांवर अक्षरं सारखीच उमटवणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. ते उघडले तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं. मांडीवर घेऊन टाइप करायचा बेतही फसला, टेकू घसरून दोनदा टॅब्लेट पालथा.

वही भरल्यावर मी शिक्षकी हिशोब मांडला. अडलेली कामं इतकी थोडी, म्हणजे टॅब्लेट पास! तू म्हणालास, "बाई, किती वेळा अडलं ते मोजू नका. अडल्यावर दुसरी वाट होती का ते बघा." अर्जाला वाट होती, कॅमेऱ्याला होती. हिशेबाला नव्हती, आणि तो महिन्यातून एकदाच असला तरी टाळता येत नाही. तुझं हे एक वाक्य नसतं तर मी लॅपटॉप भंगारात देऊन मोकळी झाले असते.

नवा लॅपटॉपही घ्यायला लावला नाहीस. जुन्याचं वाय-फाय बंद करून टाकलंस. आता त्यावर ना मेल, ना बँक. फक्त हिशेब आणि जुने लेख. फाइल पेन ड्राइव्हवरून टॅब्लेटवर येते. बाकी रोजचं सगळं माझ्या नव्या टॅब्लेटवर. तो निवडताना तू पडदा-बिडदा नंतर पाहिलास, आधी त्या मॉडेलला सुरक्षेचे अपडेट आणखी किती वर्षं मिळणार ते शोधलंस, पुन्हा हीच वेळ नको म्हणून. कॅमेरा लांब कडेला आहे, हे मी पाहिलं.

तुझ्या धाकट्या बहिणीला, ती प्रोग्रामिंग शिकते म्हणून, तू वही न देता सरळ लॅपटॉपच घे म्हणालास असं ऐकलं. म्हणजे गृहपाठ फक्त बाईंनाच!

तुझा टॅब्लेट पुसून, चार्ज करून ठेवलाय, येशील तेव्हा ने. वही मात्र मिळणार नाही. माझा भाऊ परवा विचारत होता, टॅब्लेट घेऊ की लॅपटॉप? मागच्या कोऱ्या पानावर त्याच्यासाठी मधोमध रेघ मारून ठेवली आहे.

तुझ्या,
बाई