शताब्दी स्मरणिकेचा फाँट अर्धवट बदलल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, अक्षरजुळणी विभाग

महोदय,

आमच्या वाचनालयाच्या शताब्दी स्मरणिकेचे दुसरे प्रूफ काल हाती आले. पहिल्या प्रुफावर मी एकच मोठी दुरुस्ती लिहिली होती: सबंध पुस्तकातला मंगल फाँट काढून नोटो सेरिफ देवनागरी लावावा. या कामाचे वेगळे पैसे आपण आगाऊ घेतले आहेत.

प्रत्यक्षात बदलला तो फक्त मुख्य मजकूर. तळटिपा, पानांचे मथळे, पृष्ठांक आणि छायाचित्रांखालच्या चौकटींतल्या ओळी मंगलमध्येच राहिल्या. लिब्रे ऑफिस या लेखन-प्रणालीत कंट्रोल-ए दाबून (म्हणजे सगळा मजकूर निवडून) फाँट लावला की नेमक्या याच जागा सुटतात. अनुक्रमणिका नव्याने काढताच तीही मंगलवर परतली. पॅराग्राफ स्टाइलमध्ये, म्हणजे परिच्छेदांच्या साठवलेल्या मांडणीत, देवनागरीसाठी फाँटचा वेगळा रकाना असतो. बदल तिथे करायला हवा होता.

त्याहून जिव्हारी लागले ते ल आणि श. नोटो सेरिफ देवनागरीत दोन्ही अक्षरांची मराठी आणि हिंदी वळणे आहेत. मजकुराची भाषा मराठी नोंदवली तरच मराठी वळण उमटते. मागून आलेल्या तीन लेखांची भाषा आपल्या फाइलीत हिंदीच राहिली आहे. त्यामुळे पान ४० वरच्या 'शाळा'तला श देठाचा, म्हणजे मराठी वळणाचा, तर पान ४१ वर तोच गाठीचा, हिंदी वळणाचा! पाकळीचा ल आणि देठाचा श वापरावा, असे राज्य शासनाने २०२२ च्या निर्णयातही सांगितले आहे. त्या तिघांपैकी एक लेखक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी आयुष्यभर मुलांकडून हीच वळणे गिरवून घेतली आणि लेखही हाताने लिहून दिला. त्यांच्या हाती हे पान कोणत्या तोंडाने द्यावे?

शिवाय १७६ पानांची १८३ झाली. प्रत्येकी १६ पानांच्या ११ फॉर्म्यांत (छपाईच्या कागदांत) बसणारे पुस्तक आता बाहेर सांडते आहे, आणि हे आम्हाला पाने मोजल्यावर कळले. फाँट बदलला की पाने वाढू शकतात, हे मान्य. पण ते आधी सांगणे आपले काम होते.

सर्व स्टाइलमध्ये फाँट व भाषा दुरुस्त करून, स्टाइल सोडून थेट मजकुरावर लावलेले फाँट काढून, तिसरे प्रूफ कागदावर आठ दिवसांत विनामूल्य द्यावे. वाढलेल्या पानांचे काय करता येईल, तेही सोबत लेखी कळवावे. तोवर छपाईला आमची संमती नाही.

आपली,
संपादक, शताब्दी स्मरणिका समिती