ताई, त्या एका ओळीसाठी

प्रिय ताई,

आपण एका ऑफिसात जेमतेम आठ महिने बरोबर होतो. माझ्याकडे एका दूध संस्थेच्या बिलांचं काम होतं, पीएचपी या वेबसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेतलं. दर दहा दिवसांनी निघणाऱ्या यादीत शेवटचा सभासद गायब व्हायचा आणि त्याच्या आधीच्याची ओळ दोनदा छापली जायची. डेटाबेसमध्ये सगळं बरोबर. दोन दिवस मी डेटाबेसमधून माहिती काढणाऱ्या क्वेऱ्या तपासत होतो. कुणाचं तरी दहा दिवसांचं दूध माझ्यामुळे हिशोबातून सुटतंय, या विचारानं घास उतरत नव्हता.

तुम्ही कोड वाचलात आणि पहिल्या फॉरईचच्या, म्हणजे यादीतल्या एकेका ओळीवर फिरणाऱ्या लूपच्या, खाली एकच ओळ घातलीत, अनसेटची. यादी बरोबर आली.

पण मला आभार मानायचेत ते त्यानंतरच्या अर्ध्या तासाचे. तुम्ही साखरेचा डबा घेतलात आणि त्यावर दोन चिठ्ठ्या चिकटवल्यात. एक यादीतल्या शेवटच्या जागेची, दुसरी लूपमधल्या व्हेरिएबलची, म्हणजे प्रत्येक फेरीत चालू ओळ ज्या नावात येते त्याची. पहिल्या लूपमध्ये मी अँपरसँड (&) लावून, म्हणजे ते नाव थेट मूळ यादीलाच जोडून, रकमा जागच्या जागी बदलल्या होत्या. लूप संपलं, पण ती दुसरी चिठ्ठी शेवटच्या डब्यावरच राहिली. पुढच्या लूपमध्ये मी तेच नाव वापरलं, म्हणून प्रत्येक फेरीची ओळ त्याच डब्यात पडत गेली. शेवटच्या सभासदाची पाळी आली तेव्हा डब्यात आधीच्याचाच हिशोब होता.

अनसेट चिठ्ठी काढतं, डब्याला हात लावत नाही. शेवटची चिठ्ठी निघाली की मगच पीएचपी डबा मोकळा करतं. नल, म्हणजे ‘काहीच नाही’ ही किंमत, मात्र डबाच रिकामा करतं आणि चिठ्ठ्या तशाच राहतात. तिथे मी नल लिहिलं असतं तर चूक होती तशीच राहिली असती. ‘यात काही आहे का?’ असं विचारणारं इसेट दोन्ही वेळा ‘नाही’च म्हणतं, म्हणून मला हा फरक कधी दिसलाच नव्हता.

लॉगआउटचंही तुम्हीच दाखवलंत. सेशन म्हणजे लॉगिन केलेल्याची सर्व्हरनं ठेवलेली नोंद. सेशन डिस्ट्रॉय सर्व्हरवरचा तो साठा पुसतं, पण चालू पानातली सेशनची व्हेरिएबल्स आणि ब्राउझरमधली ओळखीची कुकी तशीच राहते. म्हणून आधी सेशनला रिकामा ॲरे (यादी) द्यायचा, अख्खं सेशन अनसेट करायचं नाही. संस्थेत एकाच संगणकावर तिघे बसायचे, त्यामुळे हे फार महत्त्वाचं होतं.

गेल्या आठवड्यात आमच्याकडच्या नव्या मुलीच्या यादीत शेवटच्या आधीची ओळ दोनदा आली. मी उठून साखरेचा डबा आणला.

तुमचा,
दूधबिलवाला